काळ्या द्रावणाची वसुली

कागदाच्या गिरणीचा विषय निघाला की लोक तोडलेल्या झाडांचा हिशेब मांडतात, आणि तो मांडलाच पाहिजे. परंतु गिरणीत आलेल्या लाकडापैकी पांढरा कागद होतो तो जेमतेम निम्मा, आणि उरलेल्या निम्म्याचे पुढे काय होते हे विचारणारा मनुष्य क्वचितच भेटतो. गिरणीखालच्या नदीचे भवितव्य मात्र ह्या दुसऱ्या निम्म्यावरच अवलंबून असते, आणि त्याचा निकाल ज्या यंत्रात लागतो ते यंत्र म्हणजे रिकव्हरी बॉयलर. कित्येक मजले उंचीचे हे धूड कागदयंत्राच्या झगझगीत दालनापासून दूर उभे असते. तरी गिरणीची खरी परीक्षा करावयाची तर ती तेथेच करावी, असे माझे मत आहे.

लाकडातील तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने परस्परांस जखडलेले असतात. कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावणात लाकडाच्या चिपा घालून त्या सुमारे १७० अंश उष्णतेवर दाबाखाली शिजविल्या म्हणजे लिग्निन विरघळते, तंतू सुटे होतात, आणि लगदा धुऊन घेतल्यावर मागे उरते ते काळेकुट्ट, फेसाळ, उग्र वासाचे पाणी. कामगार त्याला ‘ब्लॅक लिकर’ म्हणतात. एक टन लगद्यामागे ते सुमारे ७ टन निघते, आणि त्यात लाकडाच्या निम्म्या सत्त्वाबरोबर शिजवणीस घातलेली जवळजवळ सर्व रसायने असतात. ते ओढ्यात सोडले तर पाण्यातील प्राणवायू आटतो, मासे मरतात, आणि लिग्निनचा काळपट रंग लवकर उतरत नाही.

डान्झिग येथील रसायनज्ञ कार्ल डाल यांनी १८७९ मध्ये महाग सोड्याऐवजी स्वस्त सोडियम सल्फेट काळे द्रावण जाळण्याच्या भट्टीत घालून पाहिले. भट्टीत त्याचे सल्फाइड झाले, आणि त्या सल्फाइडमुळे लाकूड लवकर शिजून तंतूही बळकट निघाले. त्यालाच आपण क्राफ्ट पद्धत म्हणतो. तथापि उत्पन्न झालेल्या काळ्या द्रावणाची वसुली पुढची कित्येक वर्षे अंगमेहनतीच्या, उष्णता वाया दवडणाऱ्या भट्ट्यांतच होत राहिली, आणि तोवर चुनखडी व सल्फ्युरस आम्लावर चालणारी सल्फाइट पद्धत आपले सांडपाणी बिनदिक्कत नद्यांत सोडून बाजारात वरचढ राहिली. कॅनडातील जी. एच. टॉमलिन्सन यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी द्रावण जाळून एकाच वेळी वाफ आणि रसायने हाती देणारा बॉयलर सिद्ध केला, तेव्हा पारडे फिरले. आज जगातील बहुतेक रासायनिक लगदा क्राफ्ट पद्धतीनेच होतो.

धुवणीतून आलेल्या द्रावणात घन भाग शेकडा १५च्या आसपास असतो. इतके पातळ द्रावण पेटत नाही. म्हणून ते एकापुढे एक जोडलेल्या बाष्पीभवन-पात्रांतून नेतात. पहिल्या पात्रातील वाफ दुसऱ्याला तापविते, दुसऱ्यातील तिसऱ्याला. ही युक्ती न्यू ऑर्लिन्सच्या नॉर्बर्ट रिलिये यांनी १८४०च्या दशकात साखरेच्या रसासाठी काढली होती, आणि ज्याने कोल्हापूर-सांगलीकडचा साखर कारखाना आतून पाहिला आहे त्याला ही पात्रांची रांग ओळखीची वाटेल. शेवटच्या पात्रातून द्रावण काकवीसारखे दाट होऊन निघते. घन भाग आता शेकडा ६५ ते ८० झालेला असतो.

हे दाट द्रावण भट्टीत थेंबाथेंबांनी फवारतात. थेंब खाली येता येता वाळतो, करपतो, आणि तळाशी निखाऱ्यांचा ढीग साचतो. भट्टीच्या वरच्या भागात हवा भरपूर देऊन सेंद्रिय अंश पुरता जाळावयाचा, तळाशी मात्र ती जाणूनबुजून तोकडी ठेवावयाची, म्हणजे तेथील कोळसा सल्फेटातील प्राणवायू ओढून घेतो आणि सल्फाइड परत मिळते: एकाच भट्टीत दोन परस्परविरोधी क्रिया चालविण्याचे हे कसब मला ह्या यंत्रातील सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते. तळातून वितळलेले क्षार तांबड्यालाल धारेने पन्हळीतून बाहेर पडतात. सुमारे ८५० अंशांची ती धार खालच्या टाकीतील द्रावणात पडण्यापूर्वी वाफेच्या झोताने तिचे तुषार केले जातात, तरी टाकी सतत गडगडत असते, आणि पन्हळ तुंबू नये म्हणून कामगारास लांब सळईने ती मोकळी करावी लागते. वितळलेल्या क्षारावर पाण्याची धार पडली तर स्फोट होतो. म्हणून बॉयलरची एखादी नळी फुटल्याचा संशय येताच भोंगा वाजतो, इमारत रिकामी केली जाते, आणि बॉयलरमधील पाणी दुरूनच ठरलेल्या पातळीपर्यंत सोडून देतात.

टाकीत तयार झालेल्या हिरवट द्रावणात कळीचा चुना घातला की कॉस्टिक सोडा पुन्हा हाती येतो, चुन्याचा गाळ भाजला की कळीचा चुना परत मिळतो, आणि अशा रीतीने चांगल्या गिरणीत रसायनांची वसुली शेकडा ९५च्या वर जाते. वाफेवर जनित्रे चालतात ती वेगळीच. फिनलंडमधील आनेकोस्कीची २०१७ साली सुरू झालेली गिरणी वर्षाला १३ लाख टन लगदा करते, खनिज इंधन वापरीत नाही, आणि स्वतःच्या गरजेच्या दुपटीपेक्षा जास्त वीज निर्माण करते. वास मात्र पूर्णपणे जात नाही. गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणातही नाकाला कळतात, आणि त्या गावांतील लोकांची ती तक्रार रास्तच आहे.

आपल्या देशातील अडचण निराळी आहे. बल्लारपूरसारख्या गिरण्या बांबूवर उभ्या राहिल्या, आणि कित्येक लहान गिरण्या गव्हाच्या काडावर, भाताच्या पेंढ्यावर व उसाच्या बगॅसवर. ह्या गवतवर्गीय वनस्पतींत सिलिका असते. ती द्रावणात उतरते, बाष्पीभवनाच्या नळ्यांना आतून कठीण लेप चढविते, आणि चुन्याच्या गाळात इतकी मिसळते की तो पुन्हा भाजण्याच्या योग्यतेचा राहत नाही, त्याचे ढीग गिरणीमागे साठत जातात. शिवाय हे यंत्र अतिशय महाग, आणि दिवसाला थोडे टन लगदा करणाऱ्या गिरणीच्या आवाक्याबाहेरचे; त्यामुळे अशा गिरण्यांनी वर्षानुवर्षे काळे द्रावण नद्यांत सोडले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३च्या सनदेने त्यांस वसुलीची सोय करण्यास, द्रावण बाहेर न सोडण्यास अथवा रद्दीकडे वळण्यास बजावले.

पुष्कळ गिरण्या रद्दीकडे वळल्या, आणि आपल्याकडील पुठ्ठ्यांची बहुतेक खोकी आज रद्दीतूनच होतात. हे इष्टच झाले. पण त्याचा पुरा ताळेबंद क्वचित मांडला जातो. रद्दीत लिग्निनचे द्रावण निघत नाही, म्हणून घरचे इंधनही नाही. वाफेसाठी बाहेरचे इंधन, पुष्कळदा कोळसाच, जाळावा लागतो. तंतू प्रत्येक फेरीत आखूड होत जातो, म्हणून जोर टिकवावयाचा तर नवा तंतू कोठून तरी घालावाच लागतो, आणि तो नवा तंतू ज्या गिरणीतून येतो तेथे रिकव्हरी बॉयलर आहे की नाही, हे खोके विकत घेणाऱ्याने विचारले पाहिजे.

सिलिकेवर उपाय नाही असे नाही. काळ्या द्रावणात धुराड्यातील कर्बवायू जपून सोडला असता लिग्निनच्या आधी सिलिका साक्याच्या रूपाने खाली बसते. केरळातील वेल्लूरच्या हिंदुस्थान न्यूजप्रिंट गिरणीत बांबूच्या द्रावणावर हा प्रयोग झालेला आहे. कर्बवायू थोडा अधिक झाला तर लिग्निनही बरोबर बसते आणि तितके इंधन जाते, कमी झाला तर सिलिका द्रावणातच राहते, म्हणून आम्लतेचे माप तासातासाला पाहणारा जाणता माणूस ह्या कामावर लागतो. अनेक लहान गिरण्यांनी मिळून एक सामाईक वसुली केंद्र उभारावे हाही विचार मांडला गेला आहे. साखरेसाठी सहकाराने मोठमोठी यंत्रे उभारणाऱ्या आपल्या प्रदेशाने त्याचा सर्वांत आधी विचार करावयास हवा.