धर्माच्या नावाने हिंसा : तिची कारणे, परराष्ट्र धोरण आणि ख्रिस्तसभेची शिकवण

१३ फेब्रुवारी २०१० रोजी सायंकाळी पुण्यातील कोरेगाव पार्क येथील जर्मन बेकरीत बॉम्बस्फोट झाला. १७ जण मृत्युमुखी पडले व अनेक जखमी झाले. मृतांत शिक्षणासाठी पुण्यात आलेले तरुण होते, तसेच परदेशी पाहुणेही होते. विद्येचे माहेरघर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहराला त्या दिवसापासून एक प्रश्न छळत आला आहे : देवाचे नाव घेऊन माणूस माणसाचा जीव का घेतो?

चर्चा करावी की थांबवावी?

भारत व पाकिस्तान यांच्या परराष्ट्र सचिवांची बैठक त्या वेळी नुकतीच जाहीर झाली होती. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेल्यानंतर खंडित झालेला संवाद पुन्हा सुरू व्हायचा होता. पुण्यातील स्फोटामुळे दोन मते समोर आली. रक्त सांडत असताना चर्चा करणे म्हणजे हल्लेखोरांच्या पाठीराख्यांना बक्षीस देणे होय, असे एका पक्षाचे म्हणणे होते. दुसरा पक्ष म्हणत होता की, स्फोट होताच चर्चा थांबवली तर दोन देशांनी केव्हा बोलावे हे ठरविण्याचा अधिकार दहशतवाद्यांच्या हाती जातो. अखेर २५ फेब्रुवारीला नवी दिल्लीत ही बैठक झाली.

हाच वाद २०२५ मध्ये अधिक तीव्रतेने उभा राहिला. २२ एप्रिल रोजी पहलगाम येथे धर्म विचारून पर्यटकांना ठार करण्यात आले. २६ मृतांत पुण्याचे दोन रहिवासी होते, एक ख्रिस्ती पर्यटक होता आणि एक स्थानिक मुस्लिम घोडेवालाही होता. भारताने सिंधू जलकरार स्थगित केला व ७ मे रोजी लष्करी कारवाई केली. १० मे रोजी शस्त्रे थांबली. दुसऱ्याच दिवशी पोप लिओ चौदावे यांनी या शस्त्रसंधीचे स्वागत केले आणि वाटाघाटींतून टिकाऊ तोडगा निघावा, अशी आशा व्यक्त केली.

कारण एकच नसते

परराष्ट्र धोरणाचा या हिंसेशी संबंध आहे, हे नाकारता येत नाही. १९७९ ते १९८९ या काळात सोव्हिएत सैन्याविरुद्ध अफगाणिस्तानात लढणाऱ्या गटांना पाकिस्तानमार्गे अमेरिका व सौदी अरेबियाचा पैसा आणि शस्त्रे मिळाली. त्याच वातावरणात वाढलेल्या काही संघटना पुढे काश्मीरकडे वळल्या. शत्रूच्या शत्रूला पोसण्याची किंमत निरपराध माणसांनी मोजली.

परंतु सगळा दोष धोरणावर टाकला तर श्रीलंकेतील घटनेचा अर्थ लागत नाही. २१ एप्रिल २०१९ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, कोलंबो, नेगोंबो व बट्टिकलोआ येथील चर्चमध्ये आणि कोलंबोतील हॉटेलांत स्फोट होऊन २५० हून अधिक लोक मरण पावले. श्रीलंकेचे सैन्य पश्चिम आशियातील कोणत्याही युद्धात उतरले नव्हते. हल्लेखोरांपैकी दोघे भाऊ तर श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरचे होते. म्हणजे दारिद्र्य हे कारणही पुरेसे ठरत नाही. समाजाच्या खऱ्या-खोट्या तक्रारींना जेव्हा ‘देवाची आज्ञा’ असे रूप दिले जाते आणि समोरचा माणूस हा माणूसच नव्हे असे शिकवले जाते, तेव्हा हिंसेची वाट मोकळी होते.

हा रोग कोणा एका धर्मापुरता मर्यादित नाही. २००८ मध्ये ओडिशातील कंधमाल येथे हजारो ख्रिस्ती बांधव बेघर झाले. तेथे परराष्ट्र धोरणाचा प्रश्नच नव्हता. योहान व याकोब या शिष्यांनाही शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडावासा वाटला होता, आणि प्रभूने त्यांनाच धमकावले.

न्याय आणि क्षमा

पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ च्या विश्वशांतिदिनाच्या संदेशात या विषयाची समतोल मांडणी केली. दहशतवादापासून स्वसंरक्षण करण्याचा राष्ट्रांना अधिकार आहे. मात्र त्याला नीतीच्या व कायद्याच्या मर्यादा आहेत. जगातील अन्याय दूर केला पाहिजे. मात्र अन्याय हे दहशतवादाचे समर्थन होऊ शकत नाही. अपराध व्यक्तीचा असतो, तो तिच्या राष्ट्रावर, वंशावर वा धर्मावर लादता येत नाही.

शेवटचा मुद्दा महाराष्ट्राला चांगलाच लागू पडतो. २००६ च्या मालेगाव स्फोटांत बळी गेलेले बहुतेक मुस्लिम होते. तरीही प्रथम पकडले गेले ते मुस्लिम तरुणच. कित्येक वर्षे तुरुंगात काढल्यावर २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. चुकीच्या माणसाला पकडल्याने मृतांना न्याय मिळत नाही आणि द्वेष पसरवणाऱ्यांच्या हाती आयते कोलीत मिळते.

धायरीत आपण काय करावे?

परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरते. शेजारधर्म मात्र धायरीत पाळायचा असतो. सिंहगड रस्त्याच्या या परिसरात निरनिराळ्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेली कुटुंबे एकाच जिन्याने चढतात-उतरतात. एखादा हल्ला झाला की त्याच दिवशी शेजाऱ्याच्या नावावरून संशय घेणे, भाड्याची खोली नाकारणे, खातरजमा न करता भडक संदेश पुढे पाठवणे, हे सारे हल्लेखोरांना हवेच असते. आपण ते करू नये. मिस्सामधील श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत मृतांची, जखमींची व त्यांच्या कुटुंबीयांची आठवण ठेवावी. आणि कठीण असले तरी द्वेषाने आंधळे झालेल्यांच्या मनपरिवर्तनासाठीही प्रभूकडे याचना करावी.