घाई कशाला? मी कडू आहे!

शनिवारी हनुमानाला वाहतात ती रुई तुम्हाला माहीतच असेल. ती कुठेही उगवते: माळावर, मैदानाच्या कडेला, रेल्वेरुळांजवळ. चांगलं ऊन पडलं, की रुईपाशी जाऊन गुपचूप उभे राहा. बहुतेक एक केशरी फुलपाखरू दिसेल. पुढच्या पंखांची टोकं काळी आणि त्यांवर पांढऱ्या ठिपक्यांचा पट्टा. उडणं कसं, तर अगदी रमतगमत!

याचं नाव बिबळ्या कडवा. पक्ष्यांना चुकवायला बाकीची कितीतरी फुलपाखरं भिरभिरत, वेडीवाकडी पळतात. मग हा एवढा निवांत कसा?

उत्तर रुईच्या पानांवरच आहे. नीट शोधा. काळ्या, पांढऱ्या, पिवळ्या पट्ट्यांची एक अळी पान खात असेल. तिच्या पाठीवर मऊ काळ्या शिंगांच्या तीन जोड्या असतात. रुईचा चीक विषारी असतो. म्हणून अळी आधी पानाची शीर कुरतडते. चीक तिथेच वाहून जातो आणि मग ती आरामात जेवते! तरी थोडं विष तिच्या पोटात जातंच. ते अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उरतं. पक्ष्याने खाल्लं, की शी, कडू! त्याला ओकारीच येते. पुन्हा तसा केशरी रंग दिसला, की तो वाटेलाच जात नाही.

आता खरी गंमत. छोटा चांदवा नावाच्या फुलपाखराची मादी हुबेहूब असाच वेष घेते. ती कडू नसते, पण पक्षी फसतात!

तुम्ही मात्र फसू नका. मागच्या पंखाच्या मध्यावर बघा. तिथे ठळक काळे ठिपके असले, तर तो बिबळ्या कडवा. तीन ठिपके म्हणजे मादी, चार म्हणजे नर. चौथा ठिपका ही नराची वासाची पिशवी असते. छोट्या चांदव्याच्या मादीला हे ठिपके नसतात.

एक सांभाळा: पानं तोडू नका. रुईचा चीक डोळ्यांत गेला, तर मोठी इजा होते.

आणि ठिपके मोजण्याआधीच फुलपाखरू उडालं तर? मग ते अंडी कुठे घालतं ते पाहा. चांदव्याची मादी घोळीची भाजी शोधते. पोट वाकवून रुईच्या पानावर एकेक अंडं ठेवणारी, ती बिबळ्या कडव्याची आई. वेष उसना घेता येतो, पण पिल्लांचं जेवण नाही!