शेवटच्या माणसाचा वेग

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पहाटे पाचला पहिला प्रश्न असतो, ‘काल किती वाजता झोपलात?’ किती पळायचं, ते नंतर. आमच्या गटाची नोंदणी नाही, कार्यालय नाही. पिशव्या ठेवायला कट्ट्याचा एक कोपरा आणि मोबाइलवरचा एक ग्रुप, एवढाच सगळा संसार. त्यात एक शिक्षिका आहेत, एक परिचारिका, दोन कॉलेजची मुलं आणि बेस्टमधून निवृत्त झालेले एक वाहक, ज्यांना सगळे काका म्हणतात. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारची मुंबई मॅरेथॉन म्हणजे आमची सुगी. पेरणी जून-जुलैपासून, भर पावसात.

ही शर्यत २००४ साली सुरू झाली. ४२.१९५ किलोमीटरचा तिचा रस्ता बराचसा समुद्राच्या कडेने जातो, त्यामुळे लांबून बघणाऱ्याला वाटतं की गार वाऱ्यात पळायचं, त्यात काय! पण जानेवारीच्या पहाटे मुंबईत वारा असलाच तर जमिनीकडून समुद्राकडे, तोही मंद. खारा वारा सुटतो दुपारच्या सुमाराला, आमची शर्यत संपल्यावर. हवेतला ओलावा मात्र पहाटेच जास्त. घाम गळतो पण वाळत नाही, आणि अंग गार होतं ते घाम वाळल्यामुळे. थंडीच्या गावाहून चांगली वेळ नोंदवून आलेले कितीतरी जण इथे तिशीच्या किलोमीटरात चालायला लागलेले मी पाहिले आहेत. पायात ताकद असते त्यांच्या. अंग तापलेलं असतं.

म्हणून गटाचा पहिला धडा हळू पळण्याचा. रविवारच्या लाँग रनला आम्ही सिद्धिविनायक, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोड करत मरीन ड्राइव्हच्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. २५ किलोमीटरच्या पुढे जातं. नियम एकच, शेजारच्याशी सलग वाक्यांत बोलता आलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी पुढे निघायला लागले की काका मागून हाक द्यायचे, ‘बोल बाई, बोल. गप्प झालीस म्हणजे वेग वाढलाय.’ बोलताना धाप लागली की ओळखायचं, साठवण लवकर संपणार. स्नायूंतली साखर पुरवून वापरायची तर इतकं साधं मोजमाप पुरतं. मनगटावरचं घड्याळ नसलं तरी चालतं.

दुसरा नियम मला जास्त मोलाचा वाटतो. आम्ही त्याला ‘शेपूट धरणं’ म्हणतो. दर रविवारी गटातल्या सर्वात दमदार धावकांपैकी एकाने सर्वांच्या मागे पळायचं. जो शेवटी असेल त्याचा वेग तोच शेपूट धरणाऱ्याचा वेग. पाणी संपलं, पोटरीत गोळा आला, रडू आलं, तरी शेवटचा माणूस एकटा नसतो. पाळी आली की वेगवान पोरंही कुरकुर करत नाहीत. गट टिकलाय तो याच्यावर, असं माझं ठाम मत आहे.

शर्यतीच्या दिवशी सीएसएमटीहून अंधारात निघतो. सी लिंकवर पोहोचेपर्यंत फटफटलेलं असतं. या ५.६ किलोमीटरच्या पुलावर एरवी पायी जायला बंदी, त्यामुळे दोन्हीकडे समुद्र आणि कानावर फक्त बुटांचा आवाज, हे सुख दुर्मीळच. पण पुलावर पाण्याखेरीज टाळ्या वाजवायला कोणी नाही. खरा जल्लोष परतीला, माहीम ओलांडून कॅडल रोडला लागल्यावर. तिथे आमची घरं आहेत. संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे आयाबाया तिळाच्या वड्या, मीठ लावलेल्या संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या असतात. ओळखीचा असो-नसो, हातात फोड पडते.

या शर्यतीचं नाव निघालं की मला ललिता बाबर आठवते. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावची ही मुलगी २०१२, २०१३ आणि २०१४ अशी सलग तीन वर्षं इथे भारतीय महिलांत पहिली आली; पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली. गटातल्या मुलींना तिची गोष्ट पाठ आहे.

पस्तिसावा किलोमीटर उलटल्यावर पेडर रोडचा चढ. जाताना अंधारात तो जाणवतही नाही, परतताना तोच प्रभुकुंजच्या बाजूने संपता संपत नाही. इथे काकांची शिकवण अशी की नजर माथ्यावर ठेवायची नाही, पुढच्या माणसाच्या टाचांवर ठेवायची. पावलं आखूड, हात जरा जोरात. उतरलं की चौपाटी, मग मरीन ड्राइव्हची ती कमान. ऊन चढलेलं, सावली नाही, आणि वळणामुळे रस्त्याचं टोक सतत डोळ्यांसमोर.

गेल्या वेळी आमच्या परिचारिकाताईंची पहिली पूर्ण मॅरेथॉन होती. आदल्या दोन रात्री त्यांनी ड्यूटी केली होती. कॉलेजातल्या ज्या मुलाची वेळ गटात सर्वात चांगली, त्याने स्वतःहून शेपूट धरलं. आम्ही बाकीचे आझाद मैदानात पदकं गळ्यात घालून पाय पसरून बसलो होतो. काकांनी जुन्या सवयीने डोकी मोजली, दोन कमी भरली, तेव्हा ते पुन्हा उठून रस्त्याकडे गेले. बऱ्याच वेळाने तिघं आले. ताई मधे होत्या, आणि अजून बोलत होत्या.