आउटलायर पुसण्याआधी: टास्मानिया बर्लिनची गोष्ट

प्रयोगाचा आलेख काढला की कधीकधी एखादा ठिपका बाकीच्यांपासून फारच लांब जाऊन बसतो. आम्ही त्याला आउटलायर म्हणतो. पहिला मोह होतो तो पुसून टाकायचा. पण खरा प्रश्न असतो, हा ठिपका इथे आला कसा? आज याचं उदाहरण प्रयोगशाळेतलं नाही, फुटबॉलमधलं देते.

जर्मनीच्या बुंडेसलीगाच्या सगळ्या हंगामांचे गुण मांडलेत तर तळाशी एक ठिपका एकटाच दिसेल: टास्मानिया १९०० बर्लिन, हंगाम १९६५-६६. ३४ सामने, २ विजय, ४ बरोबरी, २८ पराभव. १५ गोल केले, १०८ खाल्ले. तेव्हा विजयाला दोनच गुण मिळायचे, म्हणून एकूण गुण ८. "किती वाईट संघ!" असं म्हणून आपण मोकळे होतो. पण जरा थांबा.

१९६१ साली भिंत उभी राहिली आणि पश्चिम बर्लिन चहूबाजूंनी वेढलं गेलं. अशा शहरात खेळायला यायला चांगले खेळाडू तयार नसत. त्यांना ओढण्यासाठी हेर्था या क्लबने नियमापेक्षा जास्त पैसे दिले. १९६५ मध्ये ते उघडकीस आलं आणि हेर्थाचा परवाना गेला. पण लीगमध्ये बर्लिनचा एकही संघ नाही, हे राजकीयदृष्ट्या परवडणारं नव्हतं. मग बदली संघाची शोधाशोध सुरू झाली. बर्लिनच्या प्रादेशिक लीगमधला पहिला संघ, टेनिस बोरुसिया, बढतीच्या सामन्यांत आधीच हरला होता. दुसऱ्या, स्पांडाऊच्या संघाने नकार दिला. तिसरा होता नॉयकोल्न भागातला टास्मानिया. तो हो म्हणाला. तेव्हा हंगाम अगदी तोंडावर आला होता.

म्हणजे लक्षात घ्या, बाकीचे संघ खेळून वर आले होते. टास्मानियाला उचलून वर ठेवलं होतं. आमच्या भाषेत सांगायचं तर हा नमुनाच वेगळ्या पद्धतीने निवडलेला होता. शिवाय ज्या अडचणीमुळे हेर्थाने नियम मोडला, तीच अडचण आता टास्मानियापुढे होती.

सुरुवात मात्र झकास झाली. पहिल्याच सामन्यात ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ८१ हजारांहून जास्त प्रेक्षकांसमोर कार्ल्सरूहवर २-० असा विजय! त्यानंतर सलग ३१ सामने एकही विजय नाही. जानेवारीत म्योन्शनग्लाडबाखविरुद्ध त्याच अवाढव्य स्टेडियममध्ये ८२७ प्रेक्षक होते. मार्चमध्ये माइडरिखने घरच्या मैदानावर ०-९ असं धुतलं.

गंमत पुढे आहे. त्याच १९६५ मध्ये शाल्के आणि कार्ल्सरूह खाली घसरणार होते, पण लीग १६ वरून १८ संघांची केली गेली आणि दोघेही वाचले. तोच शाल्के २०२० आणि २०२१ मध्ये मिळून सलग ३० सामने विजयाविना राहिला. टास्मानियाच्या नकोशा विक्रमाला एक सामना कमी असताना त्याने होफनहाइमला ४-० हरवलं. बघा, निवडून नाही तर खेळून आलेला, पैसेवाला क्लबसुद्धा त्या ठिपक्याच्या इतका जवळ जाऊ शकतो.

टास्मानिया पुन्हा कधीच वर आला नाही. १९७३ मध्ये कर्जात बुडून क्लब बंद पडला. त्याच नावाने नवा क्लब निघाला, तो आजही खालच्या लीगमध्ये खेळतो.

८ हा आकडा खरा आहे. पण तो अकरा खेळाडूंची कुवत जेवढी सांगतो, त्याहून जास्त त्यांना तिथे कोणी आणि का नेलं, ते सांगतो. तुमच्या डेटामध्ये असा ठिपका दिसला, तर पुसण्याआधी त्याला एकदा विचारा, बाबा रे, तुला इथे आणलं कोणी?