आभा क्रमांक नेमकं करतो काय?

आभा कार्ड काढलं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीतल्या एखाद्या संगणकात जमा होतात, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये नोंदी ज्या त्या रुग्णालयाकडे, लॅबकडेच राहतात. या मिशनचा १४ अंकी आभा क्रमांक त्यांची सांगड घालतो. पुण्यातली सोनोग्राफी नागपूरच्या डॉक्टरांना पाहायची असेल, तर आधी आपल्या मोबाइलवर परवानगी मागितली जाते. कोणते कागद, कोणत्या काळातले, कधीपर्यंत, हे आपण ठरवायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते. घोडं अडतं ते गल्लीतल्या दवाखान्यात. तिथला हाती लिहिलेला केसपेपर या साखळीत आपोआप येत नाही.