स्वभावालाही औषध असतं

कोलकात्याच्या पूर्वेला, शेतं आणि पाणथळ जमिनी होत्या तिथे, गेल्या पंचवीसेक वर्षांत न्यू टाउन उभं राहिलं. रुंद रस्ते, इको पार्क, काचेच्या आयटी इमारती. समजा, नागपूरहून इथे नोकरीला आलेली एक मुलगी आहे. नैराश्यासाठी तिने एक गोळी घेतली, मग डॉक्टरांनी दुसरी दिली. दोन्ही पुरेशा मात्रेत, पुरेसे आठवडे. फरक नाही. रात्री घरी फोन केला की आई म्हणते, "तू लहानपणापासूनच काळजीखोर गं. स्वभावाला का कुठे औषध असतं?"

या आईच्या बोलण्यातलं पहिलं वाक्य आजचं मानसशास्त्र मान्य करतं. दुसरं मात्र खोटं ठरत चाललंय. कसं, हे समजून घ्यायला त्याच कोलकात्यात जरा मागे जावं लागतं.

1931 साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या कोलकात्याच्या दोन वैद्यकांनी सर्पगंधेच्या मुळीवर एक निबंध छापला. वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर ही मुळी चालते असं त्यांनी लिहिलं. पुढे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि जग जागं झालं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं. रक्तदाब उतरू लागला, पण काही रुग्ण मनाने खचू लागले. रिसर्पिनमुळे मेंदूतला सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिनचा साठा रिकामा होतो हेही कळलं. मग ही रसायनं कमी पडली की नैराश्य येतं, असा सिद्धान्त उभा राहिला. जगाची नैराश्याबद्दल विचार करण्याची पद्धत घडवायला आपल्याकडच्या एका झुडपाच्या मुळीनेही हातभार लावला!

पण मला थक्क करते ती याच गोष्टीची दुसरी बाजू. रिसर्पिनची तीच गोळी घेऊन बहुतेकांना नैराश्य आलं नाही. 1971 मध्ये गुडविन आणि बनी यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या, तेव्हा दिसलं की खरं, खोल नैराश्य आलं ते मुख्यतः आधी कधीतरी नैराश्य येऊन गेलेल्यांना. औषध एकच, पण माणसं वेगळी होती. रसायनाच्या खाली आणखी काहीतरी होतं.

ते काहीतरी मोजायचा प्रयत्न मानसशास्त्रज्ञ बराच काळ करत आहेत. 1936 मध्ये ऑलपोर्ट आणि ओडबर्ट यांनी इंग्रजी शब्दकोशातून माणसाचं वर्णन करणारे जवळजवळ 18,000 शब्द वेचले. पुढे इतरांनी हा ढीग चाळत चाळत पाच मोठ्या गुणांपर्यंत आणला. त्यांतला नैराश्याशी सर्वांत घट्ट जोडलेला गुण म्हणजे न्यूरोटिसिझम: पटकन घाबरणं, लागट बोलणं दिवसभर मनात घोळवणं, लहानशा चुकीने रात्रीची झोप उडणं. हा आजार नव्हे. थोडाफार तो आपल्या सगळ्यांत असतो. स्वीडनमधल्या हजारो जुळ्यांवरच्या अभ्यासात, सुरुवातीला ज्यांचा हा कल जास्त होता त्यांना पुढच्या पंचवीस वर्षांत नैराश्य येण्याची शक्यता जास्त दिसली. या कलाबाबत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्याचा साधारण चाळीस टक्के भाग आनुवंशिक असतो.

आता औषधांना न बधणाऱ्या नैराश्याकडे येऊ. अमेरिकेतल्या सुमारे 4,000 रुग्णांच्या स्टार-डी अभ्यासाचे निकाल 2006 मध्ये आले. पहिल्या गोळीने सुमारे 37 टक्के रुग्ण लक्षणमुक्त झाले, दुसऱ्या टप्प्यात 31. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात हा आकडा 13-14 वर घसरला. या मोजणीवर पुढे वाद झाला. काहींच्या मते खरे आकडे याहून कमी आहेत. साधारणपणे दोन औषधं नीट घेऊनही उतार पडला नाही, की डॉक्टर त्याला उपचारांना दाद न देणारं नैराश्य म्हणतात. त्याआधी थायरॉइड, दारू, चुकलेल्या गोळ्या, लपलेला बायपोलर आजार, हे सगळं तपासावं लागतं.

एवढं करूनही आजार हटत नाही तेव्हा स्वभाव समोर येतो. 2007 मध्ये छापलेल्या युरोपातल्या 702 रुग्णांच्या पाहणीत अशा हट्टी नैराश्याशी जोडलेल्या अकरा गोष्टी सापडल्या. त्यांत सोबतची चिंता होती आणि व्यक्तिमत्त्वविकारही. पण मला सगळ्यांत जास्त विचारात पाडलं ते या यादीबाहेरच्या परफेक्शनिझमने, म्हणजे सगळं अगदी बिनचूकच व्हायला हवं या हट्टाने. अमेरिकेतल्या एका अभ्यासात नैराश्याच्या 239 रुग्णांना सोळा आठवडे चार प्रकारचे उपचार दिले होते: दोन प्रकारची संवादचिकित्सा, इमिप्रमिनची गोळी आणि नुसती साखरेची गोळी. मानसशास्त्रज्ञ सिडनी ब्लॅट यांनी 1995 मध्ये दाखवलं की हा हट्ट असलेले लोक चारही गटांत कमी सुधारले. उपचारांच्या पहिल्या अर्ध्यात ते इतरांबरोबर चालत होते. मागे पडले ते नवव्या बैठकीच्या सुमारास, शेवट दिसू लागल्यावर! डॉक्टरशी जडायला हवं तसं त्यांचं नातं जडत नव्हतं. स्वतःला क्षमा न करणाऱ्याला मदत घेणंही परीक्षेसारखं वाटत असावं, असं मला वाटतं.

इथे एक खरी अडचण आहे. नैराश्यात बुडालेल्या माणसाला स्वभावाची प्रश्नावली दिली, तर तो स्वतःला आहे त्यापेक्षा जास्त भित्रा, जास्त एकलकोंडा ठरवतो. कधी आजारच स्वभावाचं सोंग घेतो. म्हणून तर "लहानपणापासून" सांगणारी आई डॉक्टरांना फार मोलाची असते. आजाराआधीचं माणूस तिने पाहिलेलं असतं.

आणि आता स्वभावाच्या औषधाचं. 2009 मध्ये टँग आणि सहकाऱ्यांनी नैराश्याच्या 240 रुग्णांवरचा अभ्यास छापला. पॅरोक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध घेणाऱ्यांचा काळजीखोरपणा, साखरेची गोळी घेऊन तितकेच बरे वाटू लागलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त उतरला. मनःस्थिती सारखीच सुधारली, पण स्वभाव हलला तो पॅरोक्सेटिनवाल्यांचा. आणि त्यांच्यातही ज्यांचा हा कल जास्त उतरला, त्यांचं नैराश्य कमी वेळा परतलं. 2017 मध्ये रॉबर्ट्स यांच्या गटाने 207 अभ्यास एकत्र केले, तेव्हा सरासरी चोवीस आठवड्यांच्या उपचारांत व्यक्तिमत्त्वाचे गुण हलताना दिसले, सर्वांत जास्त हाच गुण. गोळ्यांना दाद न देणाऱ्या रुग्णांनाही मार्ग आहे: ब्रिटनमध्ये अशा 469 जणांतल्या अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर विचार-वर्तन चिकित्सा दिली. सहा महिन्यांनी ती मिळालेल्यांपैकी 46 टक्के लक्षणीय सुधारले, बाकीच्यांपैकी 22 टक्के.

म्हणून तुमच्या घरात कोणी दोन-दोन औषधं घेऊनही उठत नसेल, तर "स्वभावच असा" म्हणून हात टेकू नका. डॉक्टरांकडे त्यांच्याबरोबर जा, आजाराआधी माणूस कसा होता ते सांगा आणि गोळ्यांबरोबर संवादचिकित्सा सुरू करता येईल का ते विचारा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आत्ता, रात्री, कोणाशी तरी बोलावंसं वाटत असेल, तर टेली-मानसचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.