क्रूसावरची अक्षरं

‘शिष्य’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. गुरूच्या घरी राहायचं, पडेल ते काम करायचं आणि गुरू जसा जगतो तसं जगायला शिकायचं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यातही हा शब्द फार येतो. बाप्तिस्मा एका दिवसात होतो, शिष्यपण मात्र रोजचं असतं. रविवारची उपासना आटोपली की त्याची खरी परीक्षा सोमवारी सकाळी सुरू होते.

मी मूळची नगरची. तिथे काही वर्षं शाळेत मराठी शिकवलं, आता इंग्लंडात घर सांभाळते. इथे दोन प्रश्न मला सारखे भेटतात. मंडळात नवी ओळख झाली की, “अय्या, ख्रिश्चन? पण मराठी किती छान बोलता!” आणि चर्चमधल्या आजीबाई हळूच विचारतात, “तू ख्रिस्ती झालीस तेव्हा घरचे रागावले का?” आमची ही चौथी पिढी, असं सांगितलं की त्यांना नवल वाटतं. विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. पण ख्रिस्ताच्या मागे जायचं म्हणजे आपलं घर, आपली भाषा सोडायची, हा समज दोन्हीकडे सारखाच.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. त्यांच्या आयुष्यातला एक मोठा टप्पा याच देशात घडला.

१८८३ साली रमाबाई इंग्लंडला आल्या. पंचविशीतली विधवा, सोबत दोन वर्षांची मनोरमा. वैद्यकीचं शिक्षण घ्यायचं होतं, पण ऐकू कमी येत असल्याने ते राहून गेलं. वाँटेजच्या सेंट मेरी मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या मनाला भिडलं ते कुणाचं प्रवचन नव्हे. लंडनच्या फुलम भागात या मठातल्या भगिनी समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी आश्रम चालवत. अशा स्त्रियांना मायेनं वागवलेलं रमाबाईंनी तिथे पाहिलं. त्याचं कारण विचारलं, तेव्हा त्यांना येशू आणि शमरोनी स्त्रीची गोष्ट वाचायला मिळाली.

पुढे मात्र मठातच खटके उडू लागले. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा त्यांना चालत नसे. हा जातीचा अभिमान आहे, असं भगिनींना वाटे. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायची वेळ आली, तेव्हा त्या म्हणाल्या की अक्षरं संस्कृतात हवीत. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? त्यांनी इंग्रज तरुणांना संस्कृत शिकवू नये, असं बिशपांचं मत पडलं, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं नाही. गुरू एकच. मधल्या सगळ्यांपुढे मान डोलवलीच पाहिजे असं नाही, ही त्यांची धारणा पत्रापत्रांतून दिसते.

मायदेशी परतल्यावर दुसऱ्या बाजूने परीक्षा झाली. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढलं. पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी लग्न करून त्या बाया कर्वे झाल्या, आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. त्याच वर्षी पुण्यात वादळ उठलं, कारण काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला येऊन बसत. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, पुढे काही मुली ख्रिस्ती झाल्याही. रमाबाई मात्र एवढंच म्हणत, की प्रार्थनेच्या वेळी मी माझ्या खोलीचं दार लावून घेणार नाही. लपवाछपवी त्यांना जमणारी नव्हती.

सोळाव्या वर्षी दुष्काळात आईवडील गमावलेल्या या बाईने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्या शिवण, विणकाम, शेती, छपाई शिकल्या. बायबलचं मराठी सामान्य बाईला कळावं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि भाषांतराला बसल्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम चालू राहिलं. १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाईही गेल्या. १९२४ साली ते बायबल केडगावच्याच छापखान्यातून बाहेर पडलं, तिथल्या बायकांनी खिळे जुळवून.

आपल्यासारख्यांना हे कसं जमावं? एवढं मोठं जमत नाही, पण घरात एक लहान खोली असते. गेल्या हिवाळ्यात ओळखीतल्या एका बाईला अचानक घर सोडावं लागलं. तीन आठवडे ती आमच्याकडे राहिली. “कशाला लोकांच्या भानगडीत पडता?” असं फोनवर चार जणांनी समजावलं. त्यात आमच्या चर्चमधलेही होते. नवरा एवढंच म्हणाला, “खोली रिकामीच आहे ना?” मी तिला चर्चला चल म्हटलं नाही, आणि जेवणाआधीची आमची प्रार्थनाही थांबवली नाही. मधे एक संकष्टी आली. ढगांत चंद्र कुठला दिसायला! चंद्रोदयाची वेळ मीच मोबाइलवर शोधून दिली, साबुदाणा भिजवला. माझ्या मुलीने विचारलं, “आई, आपण तर हे करत नाही ना?” मी म्हटलं, “आपण नाही करत. पण पाहुणी आपली आहे.” शिष्यपणाचा याहून सोपा धडा मला तिला देता आला नसता.

आमच्या नगरकडे नाताळचा फराळ दिवाळीसारखाच असतो. करंज्या, चकल्या, शंकरपाळे, अनारसे, सगळं. दिवाळीत तुमच्याकडे आम्ही येतोच. डिसेंबरात तुम्ही या, डबा घेऊनच या. करंज्या घरी न्यायला लागतील.